थांबा महापालिकेचा, बस कोणाची?

स्थानिक स्वराज्य संस्था म्हणजे लोकशाहीची प्राथमिक शाळा, असे आपण राज्यशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत दरवर्षी लिहितो. या शाळेत प्रत्यक्ष पाऊल टाकण्याचा योग मला गेल्या पावसाळ्यात आला, आणि तोही एका बसच्या निमित्ताने.

मी राहते बडनेऱ्याला. तेथून अमरावतीचा राजकमल चौक सुमारे दहा किलोमीटर. दिवसा सीट भरून जाणाऱ्या ऑटोरिक्षा मिळतात. रात्री आठनंतर मात्र सीट भरत नाही आणि चालक सगळ्या गाडीचे भाडे मागतो. यात त्याचा दोष नाही, रिकामी गाडी त्याला परवडत नाही. माझी एक मैत्रीण स्पर्धा परीक्षेसाठी शहरातील अभ्यासिकेत रात्री साडेआठपर्यंत बसत असे. महिनाभर तिच्या वडिलांनी ऑटोचे पैसे भरले, नंतर म्हणाले, "बाई, घरीच वाच." घर दोन खोल्यांचे, माणसे सहा. आम्ही दोघींनी एक अर्ज लिहिला, वीस-बावीस मुलींच्या सह्या घेतल्या आणि रात्री नऊपर्यंत शहर बसच्या फेऱ्या असाव्यात अशी विनंती करायला एका कार्यालयात गेलो. तिसऱ्या टेबलावरच्या गृहस्थांनी अर्ज शांतपणे वाचला आणि परत दिला. "ताई, थांब्यावर शेड पाहिजे असन तं सांगा, तो अर्ज घेतो मी. बसचं आमच्या हातात काई नाई."

तेव्हा मला हसू आले होते. पुढे अभ्यासाला बसले तेव्हा कळले, की त्या गृहस्थांनी नकळत भारतीय राज्यघटनाच सांगितली होती.

१९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (ती १ जून १९९३ पासून अमलात आली) नागरी संस्थांना घटनेत स्थान मिळाले आणि त्यांच्याकडे सोपवता येतील अशा अठरा विषयांची बारावी अनुसूची जोडली गेली. त्या यादीत रस्ते व पूल आहेत. दिवाबत्ती, वाहनतळ, बसथांबे आणि स्वच्छतागृहेही आहेत. शहरातील सार्वजनिक वाहतूक मात्र नाही. म्हणजे थांबा शहराचा, पण थांब्यावर येणारी बस शहराची असेलच असे नाही! आमच्या अर्जाचे उत्तर त्या यादीत आधीच छापलेले होते.

आता कोणी म्हणेल, की महाराष्ट्रातील महानगरपालिकांच्या १९४९ च्या कायद्यात परिवहन उपक्रमाचे स्वतंत्र प्रकरणच आहे. ते खरे आहे. परिवहन समिती, परिवहन व्यवस्थापक, उपक्रमाचे वेगळे अंदाजपत्रक, सगळे त्यात आहे. परंतु बस चालवणे हे त्या कायद्याने महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य मानलेले नाही, ऐच्छिक मानले आहे. पाणी द्यावेच लागते. बस दिली तर दिली. शिवाय त्याच कायद्यानुसार कार्यकारी अधिकार आयुक्तांच्या हाती आहेत, आणि आयुक्तांची नेमणूक राज्य शासन करते. महापौर सभेचे अध्यक्षस्थान भूषवतात आणि शहराचे प्रथम नागरिक म्हणवतात. पैसा खर्च करण्याचा आदेश त्यांच्या सहीने निघत नाही.

महापौरांना लोक थेट निवडतही नाहीत. २०१७ च्या निवडणुकीत अमरावतीला ८७ आणि अकोल्याला ८० नगरसेवक निवडून आले, आणि महापौर निवडण्याचा अधिकार होता तो या नगरसेवकांना. मुदत अडीच वर्षांची, आरक्षणही अडीच वर्षांचे आणि ते सोडतीने. गंमत अशी, की अचलपूर किंवा अकोट येथील मतदाराला नगराध्यक्ष थेट निवडण्याचा हक्क २०२२ च्या दुरुस्तीने परत मिळाला. अमरावती-अकोल्याच्या मतदाराला महापौर थेट निवडण्याचा हक्क कधीच मिळालेला नाही. १९९८ साली मुंबई व नागपूर येथे 'मेयर-इन-कौन्सिल' पद्धत आणून महापौरांना खरे अधिकार देण्याचा प्रयोग झाला होता. पुढच्याच वर्षी तो गुंडाळला गेला. आणि मार्च २०२२ मध्ये आपल्या दोन्ही महापालिकांची मुदत संपल्यावर २०२५ अखेरपर्यंत तर महापौरच नव्हते, सर्व कारभार प्रशासकांकडे होता. आमचा अर्ज त्याच काळातला. महापौरांकडे जा, असे सांगायलाही कोणी नव्हते.

हा झाला अधिकाराचा भाग. पण मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो थैलीचा प्रश्न. ज्याच्या हाती थैली त्याच्या हाती बस.

आपल्याकडे शहर बस कंत्राटाने चालते. कंत्राटाच्या मुख्य तऱ्हा दोन. पहिलीत तिकिटाचा पैसा कंत्राटदार ठेवतो आणि उलट महापालिकेलाच काही रक्कम देतो. ऐकायला हे फार छान वाटते, महापालिकेला खर्च नाही आणि वर कमाई! पण असा कंत्राटदार गर्दीच्या मार्गावर, गर्दीच्या वेळीच बस सोडणार. रात्रीची बडनेरा फेरी, अकोल्यातील शिवणी एम.आय.डी.सी.ची कामगारांची पहाटेची फेरी, कृषी विद्यापीठाकडे जाणारी दुपारची फेरी या त्याला नकोशाच असणार. दुसऱ्या तऱ्हेत महापालिका दर किलोमीटरमागे ठरलेले पैसे देते आणि तिकिटाचा पैसा स्वतः घेते. बस रिकामी धावली तरी कंत्राटदाराचे काही जात नाही; मार्ग आणि वेळ महापालिका ठरवू शकते. मात्र त्यासाठी दरमहा तूट भरण्याची तयारी हवी.

ही तूट केवढी, याचा हिशेब मी वहीत मांडून पाहिला. आकडे गृहीत धरलेले आहेत, हे आधीच सांगते. समजा किलोमीटरला साठ रुपये खर्च. दहा किलोमीटरच्या फेरीला सहाशे रुपये. रात्री वीस प्रवासी, पंधरा रुपये तिकीट, म्हणजे तीनशे रुपये. तूट तीनशे. रात्रीच्या दहा फेऱ्या धरल्या तर दिवसाला तीन हजार, वर्षाला सुमारे अकरा लाख. एका शहराच्या अंदाजपत्रकात हा आकडा फार मोठा नाही. पण तो दरवर्षी, न चुकता, कोणीतरी भरला पाहिजे. आणि तो का भरतो हे लोकांना उभे राहून सांगितले पाहिजे. पहिले काम अधिकारी करू शकेल. दुसरे काम निवडून आलेल्या माणसाचेच आहे.

महापालिकेजवळ स्वतःचा असा पैसा तरी किती उरला? जकात गेली, तिच्या जागी एल.बी.टी. आला, तोही १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांपुरता रद्द झाला. जुलै २०१७ मध्ये जी.एस.टी. आल्यावर भरपाईचे अनुदान राज्याकडून येऊ लागले. घरपट्टी सोडली तर शहराची मोठी आवक मुंबईच्या सहीवर अवलंबून आहे. वऱ्हाडच्या माणसाला हे नवीन नाही. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर शकुंतला रेल्वे आपल्या शेतांतून धावत असे, पण तिची मालकी किलिक-निक्सनच्या कंपनीकडे, कारभार रेल्वेकडे, आणि हाल मात्र प्रवाशाचे!

ज्याने तूट भरावी त्यानेच ठरवावे, हे तत्त्व आपल्याच राज्यात एके ठिकाणी पाळलेले दिसते आणि दुसरीकडे मोडलेले. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे तिकीट झाले. सवलत राज्य शासनाने जाहीर केली आणि तिची भरपाईही राज्य शासनच एस.टी.ला देते. निर्णय ज्याचा, खिसा त्याचा. पुण्यात उलट. २००७ मध्ये पुणे व पिंपरी-चिंचवडच्या बससेवा एकत्र करून पी.एम.पी.एम.एल. ही कंपनी निघाली. तुटीचा साठ टक्के भाग पुणे महापालिका भरते, चाळीस टक्के पिंपरी-चिंचवड. कंपनीचा कारभार मात्र शासनाने नेमलेल्या सनदी अधिकाऱ्याच्या हाती. महापौरांना संचालक मंडळावर फक्त एक खुर्ची. बस बंद पडली की पुणेकर नगरसेवकाला जाब विचारतात, आणि नगरसेवक अधिकाऱ्याकडे बोट दाखवतो.

थैली निवडून आलेल्या माणसाकडे दिली तर काय होते, हे पाहायला थोडे दूर, लंडनला जावे लागेल. तेथील उदाहरण मी वर्गात मांडले तेव्हा बराच वाद झाला होता. १९८१ मध्ये केन लिव्हिंग्स्टन यांच्या नेतृत्वाखालील ग्रेटर लंडन कौन्सिलने बस व भुयारी रेल्वेची भाडी सुमारे बत्तीस टक्क्यांनी उतरवली आणि ती तूट भरून काढण्यासाठी घरपट्टी वाढवली. ब्रॉम्ली हा लंडनचा एक कडेचा भाग. तेथे भुयारी रेल्वे नव्हती, मग तेथील लोकांनी वाढीव पट्टी का भरावी? ब्रॉम्ली कोर्टात गेले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तेथील सर्वोच्च न्यायपीठाने ही योजना बेकायदा ठरवली. १९८४ मध्ये वाहतूक केंद्र सरकारने स्वतःकडे घेतली आणि १९८६ मध्ये कौन्सिलच मोडीत काढली. पुढे २००० साली लंडनला प्रथमच लोकांनी थेट निवडलेला महापौर मिळाला, आणि तो हाच लिव्हिंग्स्टन! या वेळी कायद्याने वाहतूक त्याच्या हाती दिलेली होती. फेब्रुवारी २००३ मध्ये त्याने शहराच्या मध्यभागी येणाऱ्या मोटारींवर दिवसाला पाच पौंड आकार बसवला आणि त्याचे निव्वळ उत्पन्न वाहतुकीवरच खर्च करायचे, असे बंधन कायद्यातच होते. वर्षभराने निवडणूक होती. मोटारवाले चिडले होते. तरीही तो निवडून आला. ब्रॉम्लीची तक्रार चूक नव्हती, असे मात्र मला वाटते. बडनेऱ्याची पट्टी घेऊन फक्त पंचवटी चौकात बस फिरवली तर आम्हीही कोर्टाची पायरी चढू.

लंडन फार दूर वाटत असेल तर इंदूर पाहा. अकोल्याची जुनी माणसे अकोट-खंडव्याच्या मीटरगेजने तिकडे जात, आणि होळकरांच्या त्या नगरीत मराठी आजही ऐकू येते. मध्य प्रदेशात २००० पासून महापौर थेट लोकांतून निवडले जाऊ लागले (मध्यंतरी ही पद्धत बदलली, २०२२ च्या निवडणुकीत ती परत आली). २००५ मध्ये तेथे शहर बससाठी कंपनी स्थापन झाली. भागीदार महापालिका व विकास प्राधिकरण, आणि अध्यक्ष महापौर. बस खाजगी मालकांच्या. मार्ग, भाडे, वेळापत्रक यांवर देखरेख कंपनीची. या कामात तेव्हाच्या जिल्हाधिकाऱ्यांचा वाटा मोठा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. तरी बस आली नाही तर कोणाला विचारायचे, हे इंदूरकराला ठाऊक असते.

आमच्या सरांचा आक्षेप असा, की महापौराकडे पैसा दिला की तो निवडणुकीच्या तोंडावर भाडे गोठवणार आणि आपल्या प्रभागातून चार फेऱ्या जास्त सोडणार. आक्षेप पोकळ नाही. लंडनमध्येच सादिक खान यांनी २०१६ पासून चार वर्षे भाडी गोठवली, आणि त्यामुळे उत्पन्न बुडाल्याची टीका झाली. पण अधिकाऱ्याच्या राज्यात भाडी योग्य राहतात, असेही नाही. अकोलेकरांनी शहर बस सुरू झालेली पाहिली आणि बंद पडलेलीही पाहिली. ती बंद पडली म्हणून कोणाचे पद गेल्याचे ऐकिवात नाही.

म्हणून माझे मत असे बनले आहे, की थेट निवडणूक ही दुसरी गोष्ट, थैली ही पहिली. थेट निवडलेला पण रिकाम्या हाताचा महापौर म्हणजे फक्त मोठा फलक. त्याऐवजी घरपट्टीचा ठरावीक हिस्सा आणि वाहनतळाचे उत्पन्न एका वेगळ्या परिवहन निधीत टाकावे. त्यातून कोणत्या मार्गाची किती तूट भरली, हे मार्गवार दर सहा महिन्यांनी सभेपुढे यावे. आणि सही महापौरांची असावी. परिवहन समितीत नगरसेवक नसलेले जाणकारही घेता येतात, अशी सोय १९४९ च्या कायद्यातच आहे. तपासणीचे काम तिच्याकडे द्यावे. अडीच वर्षांची मुदत मात्र बदलावी लागेल. २०२३ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या ई-बस योजनेत बस चालवण्यासाठी दहा वर्षे साहाय्य मिळणार आहे, आणि तीन लाखांवर लोकसंख्या असलेली आपली दोन्ही शहरे तिच्या निकषात बसतात. दहा वर्षांत चार महापौर! पहिल्याने केलेला करार चौथा कशाला आपला मानील?

हे सर्व मी एका ऑटोवाल्या काकांना सांगितले. ते ऐकून घेत राहिले, मग म्हणाले, "पोरी, तुही बस आली तं आमचं कसं होईन?" याचे उत्तर माझ्या वहीत नव्हते. रात्रीच्या तुटीच्या हिशेबात त्यांनाही धरायला हवे होते. बडनेरा स्टेशनपासून आतल्या वस्त्यांपर्यंत बस जाणार नाही, तेथे तेच जाणार आहेत. ते पान मी अजून पुरे केलेले नाही.

मैत्रीण सध्या परीक्षेपुरती राजापेठेत मामांकडे राहायला आली आहे. अर्ज माझ्याकडे आहे, सह्यांसकट.