उजळणारे लाकूड

उजळणारी वस्तू तापलेलीच असते, असा विद्यार्थ्यांचा समज असतो. तो घालविण्यास हळद पुरे. चिमूटभर हळद कोमट खोबरेल तेलात ढवळावी. गाळ बसल्यावर वरचे तेल अंधाऱ्या खोलीत नोटा तपासण्याच्या दिव्याखाली धरावे. ते हिरवट-पिवळे उजळते. दिव्यातील अतिनील किरण हळदीतील कर्क्युमिन शोषून घेते व दृश्य प्रकाश बाहेर टाकते. दिवा मालवताच उजेड संपतो. दिव्याकडे मात्र मुलांना पाहू देऊ नये.

हेच तत्त्व स्टॉकहोम येथील संशोधकांनी लाकडात उतरविले. लाकडाचा सांगाडा सेल्युलोजचा. सेल्युलोज म्हणजे शर्करेच्या रेणूंची लांब साखळी, अर्थात वनस्पतीने घडविलेले बहुवारिक. त्यास बांधणारे लिग्निन प्रकाश शोषते आणि पोकळ्यांतील हवा तो विखुरते. लिग्निन काढून पोकळ्यांत पारदर्शक प्लास्टिक भरले, तेव्हा २०१६ साली पातळ फळीतून ८५ टक्के प्रकाश पार झाला. २०१७ साली त्या प्लास्टिकात सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण मिसळले आणि अतिनील किरणांखाली लाकूडच उजळले.

परंतु ते प्लास्टिक खनिज तेलापासूनचे. त्या लाकडास वनस्पतिजन्य म्हणणे अर्धसत्यच होय. पारदर्शक लाकडातील ही उणीव २०२१ साली त्याच संस्थेत भरून निघाली. संत्र्याच्या सालीतील लिमोनीनपासून केलेले बहुवारिक प्लास्टिकच्या जागी आले, आणि १.२ मिलिमीटर जाडीच्या फळीतून ९० टक्के प्रकाश आरपार गेला.