दुसरा बाण : नैराश्य, विचार आणि धम्म



घरात कोणाला ताप आला तर आपण तो लपवीत नाही. परंतु तरणा मुलगा आठ-आठ दिवस अंथरूण सोडीत नाही, बाळंतिणीला अन्न गोड लागत नाही, कर्त्या माणसाची झोप उडते, तेव्हा मात्र कुजबुज सुरू होते. कोणी म्हणतो, बाहेरचे असेल, देवऋषाला दाखवा. कोणी म्हणतो, साडेसाती आहे, शिंगणापूरला तेल वाहा. आणि आपल्यातीलच एखादा जाणता म्हणतो, "बौद्ध होऊन असा काय खचतोस?" पहिली दोन उत्तरे बावीस प्रतिज्ञांशी विसंगत आहेत, हे आपण जाणतो. तिसरे उत्तरही चुकीचेच आहे. ते कसे, हे या पाठात पाहावयाचे आहे.

विचारांच्या तीन गाठी

या दुखण्याला डॉक्टर डिप्रेशन म्हणतात, आपण नैराश्य म्हणू. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ आरॉन बेक (१९२१-२०२१) यांनी १९६० नंतरच्या दशकात आपल्या रुग्णांचे बोलणे बारकाईने ऐकले. त्यांना असे आढळले की, नैराश्यग्रस्त माणसाच्या मनात तीन प्रकारचे विचार आपोआप येत राहतात : मी निकामी आहे, जग माझ्या विरुद्ध आहे आणि पुढेही असेच चालणार. या विचारांमुळे दुःख वाढते व टिकून राहते, असे बेक यांचे प्रतिपादन आहे. मानसशास्त्रात यास बोधनिक उपपत्ती म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, पाथर्डी तालुक्यातील ऊसतोड कुटुंबातील एक मुलगा आहे. आईबाप उचल घेऊन कारखान्याच्या फडावर गेलेले. घरी म्हातारी, शेळ्या आणि धाकटी भावंडे याच्यावर. तो बारावीला इंग्रजीत नापास झाला. घडले एवढेच. पण मन म्हणते, "मी ढ आहे. आपल्याला कोण पुढे जाऊ देणार? आता जन्मभर कोयताच." घटना एका विषयाची; निकाल मात्र साऱ्या आयुष्याचा!

१९७८ साली लिन अब्रॅमसन, मार्टिन सेलिग्मन आणि जॉन टीझडेल या संशोधकांनी आणखी एक मुद्दा मांडला. वाईट प्रसंगाचे कारण माणूस कसे सांगतो, ते पाहा. दोष माझ्यातच, तो कायमचा आणि सर्वच बाबतींत आहे, असे मानणारा लवकर हताश होतो. "यंदा अभ्यासाला वेळ मिळाला नाही, पुरवणी परीक्षेला बसेन," असे मानणाऱ्याला वाट दिसते.

हे विचार आले कोठून?

आता आपल्या इतिहासाकडे पाहू. आपल्या आज्या-पणज्यांना काय सांगितले गेले होते? तुमचा जन्मच हीन, गेल्या जन्मीच्या पापाचे हे फळ, ते भोगल्यावाचून सुटका नाही. म्हणजे दोष तुमच्यातच, कायमचा आणि सर्व बाबतींत! मानसशास्त्रज्ञ ज्याला हताशेचे कारण म्हणतात, ते आपल्याला धर्म म्हणून शिकविले गेले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धान्त नाकारला, त्याचे महत्त्व येथे कळते. आपल्या कोपरगावच्या शेजारी येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्यांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा दिली. त्या दिवशी लाखो माणसांनी आपल्या दुःखाचे जुने कारण टाकून दिले.

दोन बाण

संयुत्त निकायात बाणाचा दृष्टान्त आहे. अज्ञ माणसाला दुःखाचा एक बाण लागतो आणि शोक-आक्रोशाने तो दुसरा बाण स्वतःस मारून घेतो. बेक यांचे म्हणणे या दुसऱ्या बाणाविषयी आहे. परंतु पहिला बाण खोटा नसतो. सोनई (२०१३) व खर्डा (२०१४) येथे दलित तरुणांच्या हत्या या जिल्ह्याने पाहिल्या आहेत. त्या घरांतील दुःख म्हणजे विचारांचा दोष नव्हे. दुष्काळ, कर्ज, अपमान हे सारे "मनाचे खेळ" म्हणून उडवून लावणे हा अन्याय होय. पहिल्या बाणासाठी न्याय व संघटना हवी. दुसऱ्यासाठी मनाची मशागत. एक केल्याने दुसऱ्याची गरज संपत नाही.

शिवाय विचार हे एकमेव कारण नव्हे. आनुवंशिकता, बाळंतपण, थायरॉइडसारखे आजार, दारू, दीर्घ दारिद्र्य ही कारणेही असतात. कधी विचारांमुळे मन खचते, तर कधी मन आजारी पडल्याने विचार काळवंडतात. म्हणून खचलेल्या उपासकाला "तुझी श्रद्धा कमी" म्हणणे म्हणजे त्याला तिसरा बाण मारणे होय.

घरी काय करावे?

१. प्रथम ऐकून घ्यावे. उपदेश मागाहून.

२. विचार कागदावर लिहावा आणि विचारावे : याला पुरावा काय? याविरुद्ध पुरावा काय? ऐकीव गोष्ट तपासल्यावाचून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. स्वतःच्या मनातील विचारही पुष्कळदा समाजाकडून ऐकलेलाच असतो.

३. रोज एक लहान काम ठरवून करावे. हताशेवर पन्नास वर्षे काम केल्यावर स्टीव्हन मायर व सेलिग्मन यांनी २०१६ साली आपले जुने मत बदलले. सतत त्रास झाल्यावर हातपाय गाळणे ही प्राण्याची उपजत प्रतिक्रिया आहे. 'माझ्या करण्याने फरक पडतो' हे मात्र शिकावे लागते, असे ते म्हणाले. महाडला १९२७ साली आपले लोक हेच शिकले.

४. दोन आठवडे उदासी हटली नाही, झोप-जेवण बिघडले, तर डॉक्टरांकडे जावे. मरणाची भाषा निघाली तर एक दिवसही थांबू नये आणि त्या माणसाला एकटे सोडू नये. १४४१६ हा सरकारी टेलि-मानस दूरध्वनी मोफत आहे. औषध घेणे म्हणजे दुबळेपणा नव्हे.

५. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

चर्चेसाठी प्रश्न (रविवारच्या वंदनेनंतर कुटुंबाने बसून बोलावे)

१. आपल्या घरात कोणते वाक्य वारंवार बोलले जाते, जे ऐकून मूल स्वतःला हीन समजेल?

२. अलीकडच्या एखाद्या दुःखात पहिला बाण कोणता आणि दुसरा कोणता?

३. आपल्या वस्तीत कोण बरेच दिवस घराबाहेर पडलेले नाही? या आठवड्यात त्यांना भेटावयास कोण जाणार?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर केवळ बोलून नव्हे, जाऊन द्यावयाचे आहे.

सर्वांचे मंगल होवो.