रानातला कवी विधिमंडळात

अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या आश्रयाने पळसखेडे नावाचे एक लहानसे गाव वसले आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद जिल्ह्यातील, सोयगाव तालुक्यात ते मोडते. या गावी १६ सप्टेंबर १९४२ रोजी एका गरीब शेतकरी कुटुंबात नामदेव धोंडो महानोर यांचा जन्म झाला. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना ना. धों. महानोर या नावाने ओळखू लागला.

शालेय शिक्षण आटोपल्यावर नामदेव महाविद्यालयात शिकण्यासाठी जळगावला गेले. परंतु एका वर्षातच शिक्षण सोडून त्यांना गावी परतावे लागले. त्यांनी शेती पत्करली. मात्र लेखणी खाली ठेवली नाही. पहिल्या पावसाने भिजलेली माती, उभ्या पिकांत उतरणारे पाखरांचे थवे, सुगीचा आनंद आणि दुष्काळाची होरपळ ही सारी त्यांच्या कवितेत आली. १९६७ साली त्यांचा ‘रानातल्या कविता’ हा संग्रह प्रसिद्ध झाला, आणि रानाची भाषा शहरातील रसिकांच्या ओठी खेळू लागली.

लवकरच ही कविता चित्रपटांतही गेली. गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवरून डॉ. जब्बार पटेल यांनी ‘जैत रे जैत’ हा चित्रपट काढला. तो १९७७ साली पडद्यावर आला. डोंगरदऱ्यांत राहणाऱ्या ठाकर लोकांची ही कथा. तिची गीते महानोरांनी लिहिली आणि हृदयनाथ मंगेशकरांनी त्यांना चाली दिल्या. ती गाणी घरोघरी पोहोचली.

अशी कीर्ती लाभली असतानाच, १९७८ साली, महानोरांना राज्याच्या विधानपरिषदेचे बोलावणे आले. विधानपरिषद हे विधिमंडळाचे वरिष्ठ सभागृह होय. तिच्या ७८ सभासदांपैकी १२ सभासद राज्यपाल नेमतात. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांचे विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्या व्यक्तींसाठी या जागा राखलेल्या असतात.

शेतकरी कवीचे कायदे करणाऱ्या सभेत काय काम, असे कोणासही वाटावे. गीतांस टाळ्या मिळतात. परंतु टाळ्यांनी विहिरीला पाणी लागत नाही. सभागृहात मानाने बसून राहावे, की ज्या रानाने आपल्याला शब्द दिले त्या रानाचे दुःख तेथे मांडावे? महानोरांनी दुसरी वाट धरली. शेती, पाणी आणि फळबागा हे त्यांच्या भाषणांचे विषय झाले.

पाण्याचा प्रश्न त्यांनी पुस्तकांतून शिकलेला नव्हता. मराठवाड्याच्या भूमीखाली काळा कठीण खडक आहे. त्यात पाणी सहजासहजी मुरत नाही. डोंगरउतारावर पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांवाटे वाहून जातो आणि सुपीक मातीही सोबत नेतो. उताराला आडवे बांध घातले, नाले अडवले, झाडे लावली, तर धावणारे पाणी थांबते, जमिनीत मुरते आणि उन्हाळ्यातही विहिरींना ओल राहते. १९७२ च्या भीषण दुष्काळात हजारो माणसे पोटासाठी खडी फोडत होती. त्या काळात रोजगार हमी योजना आकारास आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मजुरांच्या हातांनी केवळ खडी न फुटता माती, पाणी आणि फळझाडे यांचेही काम व्हावे, हा विचार मांडणाऱ्यांत महानोर होते. पाण्याविषयी त्यांनी ‘शेतीसाठी पाणी’ हे पुस्तक लिहिले, आणि त्यांची सभागृहातील भाषणे ‘विधिमंडळातून’ या पुस्तकात वाचावयास मिळतात. विधानपरिषदेचे सभासदत्व त्यांना एकूण दोन वेळा लाभले.

१९९२ साली ‘एक होता विदूषक’ हा चित्रपट आला. याही चित्रपटाची गीते महानोरांचीच. त्यातील नायक तमाशातला सोंगाड्या. तो चित्रपटांत नाव कमावतो, पुढे राजकारणाच्या भोवऱ्यात सापडतो आणि सर्वांना हसवता हसवता स्वतःचे हसू हरवून बसतो. कलावंत सत्तेच्या जवळ गेला म्हणजे त्याच्यापुढे कोणता धोका उभा राहतो, हे या कथेत दिसते. महानोरांचा मार्ग निराळा होता. मुंबईचे अधिवेशन संपले की ते पळसखेड्याची वाट धरीत. मान आला, पद आले, तरी त्यांचे घर रानातच राहिले.

१९९१ साली ‘पद्मश्री’ आणि २००० साली ‘पानझड’ या काव्यसंग्रहास साहित्य अकादमीचा पुरस्कार असे मोठे गौरव त्यांना लाभले. ३ ऑगस्ट २०२३ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

लोकांचे प्रेम मिळवणे हे कलावंताचे भाग्य होय. त्या प्रेमाच्या बळावर मिळालेल्या जागेवरून लोकांची तहान बोलून दाखवणे, हे त्याचे कर्तव्य होय. महानोरांनी ते कर्तव्य ओळखले होते.

स्वाध्याय

१. विधानपरिषदेत राज्यपालांनी नेमलेल्या सभासदांची जागा कोणासाठी असते?
२. मराठवाड्यात पावसाचे पाणी जमिनीत का टिकत नाही? ते टिकवण्याचे उपाय सांगा.
३. ‘टाळ्यांनी विहिरीला पाणी लागत नाही’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. चित्रपटातील विदूषक आणि महानोर यांच्या मार्गांत कोणता फरक आहे, ते पाच-सहा ओळींत लिहा.