ऊन नाही, सावली नाही, तरी चेहरे काळे का?

प्रश्न : पावसाळ्यात आम्ही सिंहगडावर गेलो होतो. आभाळ भरलेलं, पण उजेड असा की डोळे दिपावेत. ऊन नसलं की फोटो छान येतात असं ऐकलं होतं. आमचे मात्र चेहरे काळवंडले आणि मागचं आभाळ पांढरंफटक आलं. मोबाइल बिघडला का?

उत्तर : मोबाइल ठणठणीत आहे, आणि तुम्ही ऐकलं तेही खरं आहे. घोळ झाला तो आभाळ चौकटीत आल्यामुळे.

ढग आले की सगळंच अंधारतं, असं आपण धरून चालतो. अंधारते ती जमीन. भर उन्हात तिच्यावर साधारण एक लाख लक्स प्रकाश पडतो. उजळ ढगाळ दिवशी त्याचा चौथा-पाचवा हिस्सा. आभाळाचं तसं नाही. स्वच्छ दिवशी सूर्याकडे पाठ करून पाहिलं, तर निळं आभाळ आणि उन्हातली जमीन जवळपास सारख्याच उजळ असतात, म्हणून फोटोत दोन्ही नीट येतात. ढगाळ दिवशी आख्खं आभाळच दिवा होतं. मध्यम रंगाची वस्तू अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्केच परत फेकते. म्हणजे ती आभाळाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकीच उजळ. तुम्ही मंडळींना दिव्यासमोर उभं केलंत, इतकंच.

आता कॅमेऱ्याचं. तो समोरच्या उजेडाची सरासरी काढून ती मध्यम करड्या रंगावर आणू पाहतो. चौकटीत आभाळ जास्त, म्हणून त्यानं सगळंच दाबलं. नवे मोबाइल चेहरे ओळखून सावरून घेतात. पण चेहरे लहान आणि आभाळ अफाट असलं, की त्यांचाही नाइलाज होतो.

सोपा उपाय म्हणजे आभाळ वगळायचं : मागे तटबंदी किंवा डोंगरउतार घ्यायचा. आभाळ हवंच असेल, तर पडद्यावर चेहऱ्याला बोट लावा आणि शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह वर सरकवा. कॅमेऱ्यात एक्स्पोजर एका स्टॉपनं वाढवा. आभाळ आणखी पांढरं होईल, होऊ द्या; सपाट ढगांत टिपण्यासारखं तसंही फारसं काही नसतं.

‘ढगाळ म्हणजे वाढवायचं’ असा नियम मात्र पाठ करू नका. भिजून काळ्याभोर झालेल्या बेसॉल्टच्या भिंतीनं चौकट भरली, तर कॅमेरा त्या काळ्यालाही करडं करायला जातो आणि चेहरे फिके पडतात. तिथे एक्स्पोजर कमी करावं लागतं. ढग दोन्हीकडे तेच. फरक पडतो तो चौकटीत काय आहे याचा.

हा चकवा टाळायची जुनी युक्ती फिल्मच्या सोबत छापून यायची. कडक उन्हात एफ/१६, सावली न पडणाऱ्या उजळ ढगाळ दिवशी एफ/८, आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं : आयएसओ १०० असेल तर १/१००च्या आसपास. यात हिशेब पडणाऱ्या प्रकाशाचा असल्यामुळे मागे आभाळ आहे की कातळ, यानं काही बिघडत नाही. हातानं आकडे लावता येणारा कॅमेरा असेल तर जरूर करून पाहा.

एवढं करूनही डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतील. पूर्ण झाकोळलेलं आभाळ सगळीकडे सारखं उजळ भासतं, पण डोक्यावर ते क्षितिजाच्या सुमारे तिप्पट उजळ असतं. प्रकाश वरून येतो, भुवयांची छाया डोळ्यांत पडते. अशा वेळी मंडळींना पुणे दरवाजाच्या कमानीत, अगदी तोंडाशी, बाहेर बघत उभं करा. वरचा उजेड अडतो, समोरचा चेहऱ्यावर येतो. मागचा काळोख कॅमेऱ्याला पुन्हा फसवेल, म्हणून एक्स्पोजर थोडं उतरवा. फोटो काढणाऱ्याला मात्र बाहेर पावसात थांबावं लागेल, तेव्हा छत्री धरायला एकाला फोटोतून वगळा.