बंदूक कंपनीची, जाब कोणाला?

प्रश्न : माझा पुतण्या लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाला आहे. एका एजंटाने त्याला परदेशात, जिथे लढाई चालू आहे अशा ठिकाणी, खासगी कंपनीत सशस्त्र पहारेकऱ्याची नोकरी देऊ केली आहे. पगार इथल्यापेक्षा कितीतरी जास्त. सैनिकाने गुन्हा केला तर कोर्टमार्शल असतं. अशा कंपनीच्या माणसाच्या गोळीने कोणी निरपराध मेलं, तर त्याला जाब कोण विचारतं? आणि तोच मेला तर त्याच्या घरच्यांचं काय?
— एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर बगदादमधल्या एका चौकात सापडतं. १६ सप्टेंबर २००७ रोजी, भर दुपारी, ब्लॅकवॉटर या अमेरिकी कंपनीच्या चार चिलखती गाड्या निसूर चौकात येऊन उभ्या राहिल्या. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या अधिकाऱ्यांना संरक्षण देणं, हे कंपनीचं काम. चौकात वाहतूक थांबलेली होती. पांढऱ्या रंगाच्या एका किया मोटारीत वैद्यकीय शिक्षण घेणारा एक तरुण आणि शेजारी त्याची डॉक्टर आई बसली होती. पहिल्या गोळ्या त्या मुलाला लागल्या. चालकच गेल्यावर मोटार हळूहळू पुढे सरकत राहिली आणि पहारेकऱ्यांनी तिच्यावर आणखी मारा केला. आईही गेली. मग मशीनगन आणि ग्रेनेड सुरू झाले. लोक गाड्या वळवून पळायला बघत होते, त्यांनाही गोळ्या लागल्या. वडिलांच्या गाडीत मागच्या सीटवर बसलेला नऊ वर्षांचा एक मुलगाही मारला गेला. एकूण १७ इराकी नागरिक मृत्युमुखी पडले. त्यातल्या किमान १४ जणांना मारण्याचं कोणतंही समर्थन होऊ शकत नाही, असा निष्कर्ष खुद्द अमेरिकेच्या एफबीआयने काढला.

आता जाबाचं बघा. गुन्हा इराकमध्ये घडला, मेले ते इराकी, साक्षीदार इराकी. तरीही इराकी न्यायालयाला या माणसांना हात लावता येत नव्हता. इराकचा कारभार पाहणारे अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी 'आदेश क्रमांक १७' काढून ठेवला होता. कंत्राटदार आपल्या कंत्राटाच्या कामात जे काही करतील, त्याबद्दल त्यांच्यावर इराकी कायद्याने कारवाई होणार नाही, असं त्यात होतं. या आदेशाची सुधारित प्रत निघाली २७ जून २००४ रोजी, म्हणजे इराकी सरकारकडे सत्ता सोपवण्याच्या आदल्या दिवशी. नव्या सरकारने पहिल्या दिवशी कारभार हाती घेतला, तेव्हाच त्याच्या न्यायालयांचे हात बांधलेले होते.

मग उरलं अमेरिकी न्यायालय. परदेशात लष्करासोबत काम करणाऱ्या मुलकी माणसांवर खटला चालवण्याचा कायदा अमेरिकेने २०००मध्येच केला होता. पण तो प्रामुख्याने संरक्षण खात्याच्या कंत्राटदारांसाठी होता. ब्लॅकवॉटरचं कंत्राट परराष्ट्र खात्याचं. त्यामुळे हा कायदा आम्हाला लागूच होत नाही, असा बचाव वर्षानुवर्षं लढवला गेला. न्यायालयांनी तो मानला नाही, पण वेळ जायचा तो गेलाच. २००९च्या अखेरच्या दिवशी न्यायाधीशांनी आरोपच रद्द केले, कारण परराष्ट्र खात्याने आरोपींकडून सक्तीने घेतलेले जबाब तपासात वापरले गेले होते. २०११मध्ये वरच्या न्यायालयाने खटला पुन्हा उभा केला. २०१४मध्ये चौघे दोषी ठरले, २०१५मध्ये एकाला जन्मठेप आणि तिघांना तीस-तीस वर्षांची शिक्षा झाली. पुन्हा अपील, पुन्हा सुनावणी. साक्ष द्यायला इराकी माणसं अर्धं जग ओलांडून वॉशिंग्टनला गेली. आणि २२ डिसेंबर २०२० रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी चौघांनाही माफी दिली.

मला या प्रकरणाचा राग येतो तो केवळ माफीमुळे नाही. निसूर चौकाच्या आधीही खुणा दिसत होत्या. २००६च्या नाताळच्या आदल्या रात्री दारू प्यायलेल्या एका ब्लॅकवॉटर कर्मचाऱ्याने इराकच्या उपराष्ट्राध्यक्षांच्या अंगरक्षकाला गोळी घालून मारलं. दीड दिवसाच्या आत त्याला इराकबाहेर काढण्यात आलं. मृताच्या कुटुंबाला किती पैसे द्यायचे, यावर अमेरिकी दूतावासात घासाघीस झाली आणि शेवटी कंपनीने दिले १५ हजार डॉलर. अमेरिकी संसदेच्या समितीने २००७मध्ये हिशेब मांडला, तेव्हा या कंपनीच्या एका पहारेकऱ्यामागे सरकारला दिवसाला १,२२२ डॉलर मोजावे लागत असल्याचं निघालं. म्हणजे एका माणसाच्या जिवाची किंमत पहारेकऱ्याच्या तेरा दिवसांच्या बिलाइतकीही ठरली नाही. २००५पासूनच्या गोळीबाराच्या १९५ घटनाही त्याच समितीने मोजल्या. त्यातल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक घटनांत पहिली गोळी कंपनीच्या माणसांनी झाडली होती. हे सगळं सरकारी कागदांत नोंदलेलं होतं, आणि कंत्राट चालूच होतं.

हा एकट्या अमेरिकेचा दोष नाही. रशियाच्या फौजदारी कायद्यात भाडोत्री सैनिकगिरी हा गुन्हा आहे. तरी वॅग्नर कंपनीची माणसं सीरियात, आफ्रिकेत आणि युक्रेनमध्ये लढत होती. सरकार म्हणे, आमचा त्यांच्याशी संबंध नाही. जून २०२३मध्ये वॅग्नरचा प्रमुख प्रिगोझिन याचं बंड झालं आणि त्यानंतर पुतिन यांनीच जाहीर केलं की, वर्षभरात सरकारने वॅग्नरला ८६ अब्ज रूबलहून अधिक दिले.

आंतरराष्ट्रीय कायद्याचाही फारसा आधार नाही. जिनिव्हा करारांना १९७७मध्ये जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलमध्ये भाडोत्री सैनिकाची व्याख्या आहे. तिच्या सहाही अटी एकाच माणसाला एकाच वेळी लागू व्हाव्या लागतात, त्यामुळे अशा कंपन्यांची बहुतेक माणसं तिच्यातून सुटतात. २००८मध्ये स्वित्झर्लंड आणि रेड क्रॉस यांच्या पुढाकाराने माँत्रो दस्तऐवज झाला. कंत्राट देणारं राष्ट्र, ज्या भूमीवर काम चालतं ते राष्ट्र आणि कंपनी जिथे नोंदलेली आहे ते राष्ट्र, अशा तिघांची जबाबदारी त्यात नीट सांगितली आहे. पण तो बंधनकारक नाही.

तरी दार अगदीच बंद नाही. इराकमधल्या अबू घरीब तुरुंगात छळ झालेल्या तीन इराकींनी, तिथे कैद्यांच्या चौकशीसाठी माणसं पुरवणाऱ्या सीएसीआय या अमेरिकी कंपनीवर २००८मध्ये अमेरिकेत दिवाणी दावा लावला होता. नोव्हेंबर २०२४मध्ये तिथल्या ज्युरीने कंपनीला जबाबदार धरून ४ कोटी २० लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. नुसत्या या निकालापर्यंत पोचायला सोळा वर्षं लागली.

आता तुमच्या पुतण्याकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचा तोच खरा जीव आहे. असल्या कंत्राटात वर एक मोठी कंपनी असते, तिच्याखाली उपकंत्राटदार, त्याच्याखाली आणखी एक, आणि तळाशी आपल्याकडचा एजंट. काही विपरीत घडलं की प्रत्येक जण वरच्याकडे किंवा खालच्याकडे बोट दाखवतो. ऑगस्ट २००४मध्ये बारा नेपाळी तरुणांना इराकमध्ये ओलीस धरून मारण्यात आलं. जॉर्डनमध्ये हॉटेलात काम आहे, असं सांगून त्यांच्यातल्या अनेकांना घराबाहेर काढलं होतं. पाठवलं अमेरिकी हवाई तळाकडे. अमेरिकी कंत्राटावर काम करणाऱ्या कुठल्याही देशाच्या माणसाला विमा मिळालाच पाहिजे, असा 'डिफेन्स बेस अॅक्ट' १९४१पासून आहे. तरी त्याखालची भरपाई पदरात पडायला कुटुंबांना चार वर्षं झगडावं लागलं. मुख्य कंपनीविरुद्धचा दावा अमेरिकी न्यायालयात टिकला नाही.

लढाई नसलेल्या ठिकाणीही हे घडतं. ऑक्टोबर २०१३मध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ 'सीमन गार्ड ओहायो' हे अमेरिकी कंपनीचं सशस्त्र जहाज पकडलं गेलं. काम चाचेगिरीविरुद्ध जहाजांना पहारा देण्याचं. जहाजावरच्या ३५ जणांत बारा भारतीय होते. शस्त्रांच्या परवान्यांचा घोळ. त्याची झळ मात्र पहारेकऱ्यांना बसली. २०१६च्या जानेवारीत पाच वर्षांची शिक्षा झाली, नोव्हेंबर २०१७मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडलं. मधली वर्षं कोणी परत दिली नाहीत.

आपल्याकडे २००५चा खासगी सुरक्षा संस्था नियमन कायदा आहे. भारतातल्या संस्थेला परदेशात सुरक्षा पुरवायची असेल, तर नियंत्रक प्राधिकाऱ्याची परवानगी लागते आणि ती देण्याआधी केंद्र सरकारचा सल्ला घ्यावा लागतो. एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर नोंदलेला आहे का, हे घरबसल्या तपासता येतं. नोंद सापडली नाही तर तिथेच थांबा. सापडली तरी पुतण्याला एवढं लेखी मागायला सांगा : नेमणूकपत्रावर कोणत्या कंपनीचं नाव आहे, वाद झाला तर कोणत्या देशाचं न्यायालय, हातातल्या शस्त्राचा परवाना कोणाच्या नावावर, विमा कोणाचा आणि किती रकमेचा, जखमी झाला तर त्याला आणि मरण आलं तर पार्थिव घरी आणण्याचा खर्च कोणाचा. 'आधी या, मग बघू' असं उत्तर आलं, तर पगार कितीही मोठा असो, त्याला जाऊ देऊ नका.