शेपूचे बी कोणत्या झाडाचे धरावे?

शेपूची भाजी म्हटली की पुष्कळ मुले नाक मुरडतात. पण मुगाची डाळ घालून केली आणि सोबत गरम भाकरी असली, तर भांडे पुसून निघते! ही भाजी परसात सहज होते.

पेरणी : शेपूला थंडी मानवते. दिवाळीनंतर छोटा वाफा भुसभुशीत करून त्यात कुजलेले शेणखत मिसळावे. वीतभर अंतरावर ओळी पाडून बी पातळ पेरावे व वरून अर्धा इंच माती लोटावी. पाणी रोज थोडे द्यावे, पण साचू देऊ नये. आठ-दहा दिवसांत बी उगवते. शेपूचे मूळ सरळ खाली जाते, म्हणून रोपे उपटून दुसरीकडे लावू नयेत. सुमारे ४० दिवसांत भाजी काढता येते.

जाती : परदेशात 'मॅमथ' ही उंच जात आहे. 'फर्नलीफ' ही बुटकी जात दीड फूटच वाढते, म्हणून कुंडीत चांगली येते. तिला अमेरिकेत १९९२ साली बक्षीस मिळाले. पण चांगली जात आपल्या वाफ्यातही निवडता येते. ती कशी?

शेपू फुलावर आला की पाला कमी होतो. काही झाडे लवकर फुलतात, काही उशिरा. आपण काय करतो? पालेदार झाडे भाजीला काढतो आणि आधी फुललेली बियाण्याला ठेवतो. मग पुढच्या वर्षी शेपू लवकर फुलतो व भाजी कमी मिळते. म्हणून उलट करावे. लवकर फुलणारी झाडे फूल उमलण्यापूर्वीच उपटावीत, नाहीतर मधमाश्या त्यांचे पराग दुसऱ्या फुलांवर नेतात. भरपूर पाल्याची, उशिरा फुलणारी आठ-दहा झाडे निवडून त्यांना चिंधी बांधावी.

छत्रीसारखे पिवळे तुरे तपकिरी झाले की बी गळण्याआधी कापावेत. सावलीत वाळवून, झोडून, पुडीवर साल लिहून कोरड्या डब्यात ठेवावे. हेच बी म्हणजे बाळंतिणीला देतात तो बाळंतशेपा.

पालकांनो, चिंधी बांधलेली झाडे भाजीसाठी उपटू नका हं! तीच पुढच्या वर्षीची भाजी आहे.