आबांच्या कमरेवरची काळी खपली

आमच्या आबांना टायफॉइड नव्हताच. तरी टायफॉइडच्या नावाखाली सलाइनमधून एकावर एक अँटिबायोटिक चढत गेली, आणि काही विचारलं की एकच उत्तर, "वहिनी, डॉक्टर मी हाय का तुम्ही?"

पन्हाळ्याच्या बाजूचं शेत. नवरात्राआधी गवत कापून आले आणि काही दिवसांनी ताप चढला. टायफॉइडची विडाल तपासणी 'पॉझिटिव्ह' आली, झाला टायफॉइड! पूर्वी टायफॉइड होऊन गेलेल्या माणसाचीही एकटी विडाल पॉझिटिव्ह येऊ शकते. माझी बहीण नर्स आहे. औषध सुरू व्हायच्या आत रक्ताचं कल्चर घ्यायला सांगा, असं तिनं बजावलं होतं. मी ते सांगितलं. "उगाच खर्च कशाला?" म्हणाले. मग सेफ्ट्रियाक्झोन. दुसऱ्या दिवशी ताप तसाच, म्हणून अमिकासिन. मग थेट मेरोपेनेम, त्याचं बिल बघून डोळे पांढरे झाले. तिथं खर्च आडवा आला नाही. खरा टायफॉइड असता तरी योग्य औषधावर ताप उतरायला चार-पाच दिवस जातात. मग रातोरात औषध बदलायचं कारण काय होतं?

अंग पुसताना सासूबाईंना करगोट्याखाली एक खपली दिसली. सिगारेटचा चटका बसावा तशी काळी, भोवती लाल कडं. दुखत नव्हती, खाजत नव्हती. राउंडला आलेल्या डॉक्टरांना मी ती दाखवायला गेले. मोबाइलमधून मान वर न करता ते म्हणाले, "करगोटा घासला असेल." चादर बाजूला करायचेही कष्ट घेतले नाहीत.

क्रिएटिनिन वाढलं तेव्हा आम्ही भांडून डिस्चार्ज घेतला. किडनीवर ताण आजारानंही येतो, हे मान्य. पण अमिकासिन चालू असताना ती तपासणी आम्ही मागेपर्यंत थांबायची गोष्ट नव्हती.

नव्या डॉक्टरांनी फाइल नंतर उघडली. आधी आबांचे कपडे सैल केले, काखा बघितल्या, जांघा बघितल्या, कमरेपाशी हात थांबला. "ही कधीपासून आहे?" सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या तोंडून शब्द फुटेना, इतका संताप आला होता.

स्क्रब टायफस. गवताझुडपांतल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या माइटच्या अळीच्या चाव्यातून होतो. २०१८ मध्ये विदर्भात याची साथ आली, माणसं दगावली. म्हणजे महाराष्ट्रातल्या डॉक्टरनं ऐकलंच नसेल असा हा आजार नाही. सेफ्ट्रियाक्झोन, मेरोपेनेम ही जिवाणूची भिंत बांधू न देणारी औषधं. हा जंतू आपल्या पेशींच्या आत राहतो आणि तशी भिंत त्याला जवळपास नसतेच. साध्या कल्चरमध्येही तो वाढत नाही. डॉक्सिसायक्लिन पेशीत शिरतं आणि त्याचं प्रथिन बनवणं थांबवतं. स्वस्तातली गोळी! रक्ताचा रिपोर्ट यायची वाट न बघता सुरू केली, आणि दोन दिवसांत आबांनी भाकरी मागितली.

म्हणून सांगते. ताप आलेला माणूस शेतात, गवतात, पुराच्या पाण्यात गेला होता का, हे विचारलं नाही तरी सांगा. काळी खपली दिसली तर फोटो काढा आणि डॉक्टरांना बघायला लावा. अँटिबायोटिक सुरू होताना विचारा: संशय कशाचा आहे, आधी कल्चर घेणार का, गुण किती दिवसांत दिसायला हवा? चिडणारा डॉक्टर चिडू दे. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं आणि लगेच आडवं व्हायचं नाही, अन्ननलिका पोळते. दूध किंवा ॲसिडिटीचं औषध त्याच वेळी नको. गरोदर बाईला वेगळं औषध लागतं, ते डॉक्टरच ठरवतील.

बाकी नेहमीचं आहेच. सर्दी, डेंगी विषाणूंमुळे होतात, त्यांवर अँटिबायोटिक चालत नाही. पाकिटावर लाल रेघ असेल तर चिठ्ठीशिवाय घेऊ नका, शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या तर नाहीच नाही.

आणि केसपेपर मागा. आम्हाला "नंतर या" म्हणून चकरा मारायला लावल्या. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात. तोंडी सांगून काही हलत नाही. लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह सही-शिक्का घ्या. आमचे कागद त्यानंतरच बाहेर आले.